ठकीचा विरोधी पक्ष

लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस कमी बोलायचा असं म्हणणं म्हणजे त्याला बडबड्या ठरवण्यासारखं होतं. त्याचं खरं नाव कंपनीच्या पगारपत्रकात असेल तेवढंच. बाकी सगळे त्याला हूंभाऊ म्हणत, कारण काहीही विचारा, तो ‘हूं’ म्हणायचा. जेवलास का, हूं. बरं वाटत नाही का, हूं. या दोन हूंमधला फरक फक्त त्याच्या बायकोला कळायचा आणि ती तो कोणाला सांगायला जायची नाही. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत बोलून उपयोगच नसायचा, त्यामुळे तिला हातवाऱ्यांची सवय जडली होती. घरीसुद्धा मीठ हवं असेल तर ती चिमूट करून दाखवायची.

हूंभाऊच्या कामाला त्याचा स्वभाव तसा सोयीचा होता. लिफ्टच्या टपावर बसून तारा जोडायला गप्पा लागत नाहीत. पण एकदा आत अडकलेल्या एका बाईंनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला आणि सुटल्यावर कंपनीकडे तक्रार केली की, मदतीला कोणी आलंच नाही, लिफ्ट आपोआप सुरू झाली. हूंभाऊ सगळा वेळ त्यांच्या डोक्यावरच होता. साहेबांनी त्याला सुनावलं की, निदान ‘आलोय’ एवढं तरी म्हणायचं. त्यावर तो काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

या दोघांची मुलगी जन्मली तेव्हा रडली, याचंच शेजारपाजाऱ्यांना नवल वाटलं होतं. पुढे तिनेही घराण्याचं नाव राखलं. बाहुलीसारखी जिथे बसवाल तिथे बसून राहायची, म्हणून मामाने तिचं नाव ठकी पाडलं आणि तेच चिकटलं.

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. या कुटुंबाच्या वाट्याचं सगळं बोलणं देवाने त्याच्या एकट्याच्या पदरात ओतलं होतं. सरकारी कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. लोकांच्या कागदांच्या प्रती काढता काढता तो ते कागद वाचायचाही. त्यामुळे कुठली योजना आली आणि कुठली गुंडाळली, हे कचेरीतल्या लोकांच्या आधी मामाला ठाऊक असायचं.

ठकी नऊ वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी हूंभाऊला बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं की, मुलगी लिहिते छान, पण तोंडी परीक्षेत तोंडच उघडत नाही. वर्गात एवढी मुलं, तिच्यासाठी वेगळा वेळ काढायचा तरी कुठून. मग त्यांनी विचारलं, “घरी तुम्ही बोलता ना तिच्याशी?”

“हूं,” हूंभाऊ म्हणाला.

बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

ही हकीकत ऐकून मामाचं डोकं चालू लागलं. नुकतंच पूरक शिक्षण अनुदान सुरू झालं होतं. ज्यांची मिळकत बेताची, त्यांच्या मुलांना शाळेबाहेर एखादा वर्ग लावायचा असेल तर त्याची फी सरकार भरणार. गणित घ्या, चित्रकला घ्या, पोहणं घ्या, वर्ग मान्यतेचा असला म्हणजे झालं. पैसे आईबापांच्या हाती न पडता थेट वर्गाकडे जायचे. मामाला ही अट थोडी अपमानास्पद वाटली, पण अर्ज त्यानेच भरला, प्रतीही त्यानेच काढल्या आणि कचेरीतल्या कारकुनाला अर्ज कसा तपासायचा तेही त्यानेच समजावून सांगितलं.

मंजुरी आली. ठकीने यादीत चित्रकलेवर बोट ठेवलं. चित्रकलेचे सगळे वर्ग भरलेले होते. गणिताला रांग होती आणि पोहायच्या तलावाची दुरुस्ती निघाली होती. जागा शिल्लक होती ती फक्त वादविवादाच्या वर्गात, कारण आपल्या पोराने आणखी उलट बोलायला शिकावं असं कुठल्याच आईबापांना वाटत नव्हतं.

वर्ग भरायचा टायरच्या दुकानावरच्या खोलीत. शिकवणाऱ्या बाई पूर्वी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्यांचं प्रत्येक वाक्य फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचं. त्यांची पद्धत सोपी होती. विषय द्यायचा, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी बाजू येईल ती त्याने मांडायची आणि पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर बाजू उलटायच्या. आपलं मत घरी ठेवून यायचं, इथे बाजू मिळेल, असं त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. खालच्या दुकानात टायर ठोकणारी माणसंही ते ऐकून मान डोलवायची.

पहिले काही महिने ठकी वर्गाला जायची आणि जशीच्या तशी परत यायची. मामा दर रविवारी येऊन सरकारचा पैसा पाण्यात गेल्याबद्दल हळहळायचा. आणि मग एका संध्याकाळी जेवताना, ताटाकडे बघत ठकी म्हणाली, “या भाजीबद्दल मला तीन मुद्दे मांडायचे आहेत.”

आईचा हात भांड्यातच राहिला. घरात कोण आलं ते बघायला हूंभाऊने मागे वळून पाहिलं.

ठकीने मुद्दे मांडले. भाजी खारट आहे हा पहिला. कालही हीच होती हा दुसरा. आणि तिसरा असा की, पहिले दोन ऐकूनही समोरून कोणी काही बोलत नाही.

बांध एकदा फुटला तो फुटलाच. दिवा कधी मालवायचा, दात सकाळी घासावेत की रात्री, शेजारच्या काकूंना ‘या बसा’ म्हणून मग घड्याळाकडे बघणं योग्य की अयोग्य, सगळ्यावर ठकीचं काही ना काही म्हणणं असायचं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच्या उलट. त्यात बाईंनी घरचा अभ्यास दिला की, विरोधी बाजू घरातल्या मोठ्या माणसाने मांडावी. मामा आनंदाने बाह्या सरसावून पुढे आला, पण ठकीने त्याला नकार दिला. मामा विषय सोडून बोलतो, असं तिचं म्हणणं पडलं. मामा आठवडाभर रुसून बसला. मग विरोधी पक्ष म्हणून उरला हूंभाऊ.

विषय होता, घरात मांजर असावं.

“नको,” हूंभाऊ म्हणाला.

“हा निष्कर्ष झाला, बाबा. मुद्दा सांग.”

“हूं.”

“हूं हा मुद्दा नाही,” ठकी म्हणाली, आणि तिने त्याला रविवारपर्यंत मुदत दिली.

हूंभाऊ हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणारा नव्हता. तो कामावर जाता-येता मुद्दे जुळवू लागला. मनातल्या मनात जुळवले की ते विरून जातात असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो ते मोठ्याने म्हणू लागला. त्याच आठवड्यात एका उंच इमारतीत विमा विकणारे एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले. मिणमिणत्या उजेडात ते घाम पुसत बसले होते, तेवढ्यात वरून आवाज आला, “मांजराचे केस गळतात.”

गृहस्थांनी विचारलं, वर कोण आहे. वरून उत्तर आलं की, मांजर झाकण पाडून दूध पितं.

त्यांना आधी वाटलं, हवा कमी पडल्यामुळे आपल्याला भास होतायत. पण त्यांच्या स्वतःच्या घरी दोन मांजरी होत्या आणि त्या त्यांचा जीव की प्राण होत्या. अडकले असले तरी हे ऐकून घेणं त्यांना शक्य नव्हतं. केस माणसांचेही गळतात, म्हणून त्यांना आपण घराबाहेर काढत नाही, असं त्यांनी टपाकडे तोंड करून सुनावलं. वरचा पाना थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच हूंभाऊला कोणीतरी त्याच्या वाक्यावर वाक्य दिलं होतं. त्याने उंदरांचा प्रश्न काढला, गृहस्थांनी तो उलटा त्याच्यावरच फिरवला. आजारपणाचा मुद्दा निघाला तेव्हा गृहस्थांनी आकडे सांगितले, कारण आजारपण हा त्यांचा धंदाच होता. मधेच कधीतरी लिफ्ट दुरुस्त झाली, दार उघडलं, मजल्यावर ताटकळलेली माणसं आत डोकावून गेली. तरी गृहस्थ आत उभेच होते आणि हूंभाऊ वर बसलेलाच होता.

रविवारी हूंभाऊने मांजराच्या विरोधात बाजू मांडली आणि सपशेल हरला. पण पुढच्या आठवड्यात नियमाप्रमाणे बाजू उलटल्या. आता ठकी विरोधात आणि तो बाजूने. विमावाल्या गृहस्थांचे मुद्दे त्याला एकूण एक आठवत होते. त्याने ते असे धडाधड टाकले की, ठकीला बोलायला जागाच उरली नाही. तो जिंकला आणि मांजर घरी आलं. पहिल्या रविवारी ठकी मांजराच्या बाजूने जिंकली होतीच, त्यामुळे काहीही झालं असतं तरी मांजर येणारच होतं, हे त्याला रात्री उशीला डोकं टेकल्यावर कळलं.

यानंतर त्या घरात रोजच बैठक भरू लागली. आई सभापती झाली. ती बोलायची नाहीच, पण कोणाचं लांबलं की पळी ताटावर आपटायची, आणि त्या आवाजापुढे दोघेही गप्प व्हायचे.

वर्ष संपत आलं. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला कचेरीतल्या मोठ्या बाई आणि त्यांचे मदतनीस वर्ग बघायला येणार असं कळलं. शिकवणाऱ्या बाईंनी विषयही तोच ठेवला, पालकांना असं अनुदान द्यावं की देऊ नये. मामाने अनुदानाच्या बाजूने ठकीसाठी झकास भाषण लिहून काढलं आणि जाड कागदावर त्याच्या प्रती काढून सगळ्या पालकांना वाटल्या.

चिठ्ठ्या टाकल्या. ठकीला आली ‘देऊ नये’.

मामाने डोळे मिटून घेतले. आधी न्हाव्याचा मुलगा अनुदानाच्या बाजूने बोलला. पाहुण्यांना बघून त्याची गाळण उडाली आणि अनुदान चांगलं आहे कारण ते चांगलं आहे, एवढं सांगून तो खाली बसला. मग ठकी उठली. ती म्हणाली की, मान्यतेचे सगळे वर्ग बाजाराच्या आसपास आहेत, लांब राहणाऱ्या मुलाला आणायला-न्यायला कोणी नसेल तर त्याला अनुदान मिळूनही काही मिळत नाही. दुसरं, ज्यांच्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे त्यांनाच ही योजना कळते. आणि तिसरं म्हणजे, हाच पैसा शाळेला दिला असता तर वर्गात मुलं कमी आणि बाई जास्त झाल्या असत्या. “मग मला बोलतं करायला आमच्या शाळेतल्या बाईंनाच वेळ मिळाला असता. टायरच्या दुकानावर यावं लागलं नसतं.”

कचेरीतल्या बाई मान डोलवत लिहून घेत होत्या. मग आपण कशाला मान डोलवतोय हे लक्षात येऊन त्या थांबल्या, पण लिहिणं त्यांनी सोडलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी फलाटी आवाजात विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला ठकीच्या विरोधात बोलायचंय का. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा उरलेल्या प्रती मोजत बसला.

हूंभाऊ उठला. कपड्यांना ग्रीस लागलेलं होतं, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“गेल्या वर्षी ही मुलगी भूक लागली तरी सांगत नव्हती,” तो म्हणाला. “मीही नाही. आज ती तुमच्या तोंडावर सांगतेय, पैसे देऊ नका म्हणून. तिचं चुकतंय. पण हे तिला सांगायला मी उभा राहिलोय. मी.” तो थांबला, पुढे काही सुचतंय का ते पाहिलं. “एवढाच मुद्दा आहे.”

आईने पदर नाकाला लावला. ठकीने बाबाकडे अगदी शांतपणे पाहिलं.

“विरोधी पक्षाने फक्त स्वतःच्या घरचं उदाहरण दिलंय,” ती म्हणाली. “एका उदाहरणावरून नियम ठरत नाही.”

हशा पिकला. हूंभाऊही हसला आणि हसतच खाली बसला. हात वर करून मतं घेतली तेव्हा ठकीची बाजू भरघोस मतांनी जिंकली.

पुढच्या वर्षाचं अनुदान मंजूर झालं. लांबच्या मुलांना बसभाडंही मिळू लागलं आणि माहितीचा फलक प्रत्येक शाळेच्या दाराशी लागला. शाळेत बाई वाढवण्याबद्दल मात्र कचेरी जुन्या हूंभाऊसारखी वागली.

पण त्या दिवशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. जिना उतरताना मामा हूंभाऊच्या मागे लागला होता. त्याने पाहिलं होतं की, मतदानाच्या वेळी हूंभाऊचा हात ठकीच्या बाजूने वर गेला होता.

“भाऊजी, स्वतः भाषण केलंत आणि मत स्वतःच्याच विरोधात?”

“मला तिचं पटलं,” हूंभाऊ म्हणाला. मग खालच्या दुकानातल्या टायरांच्या चळतीला वळसा घालता घालता त्याने का पटलं ते सांगायला सुरुवात केली. घर येईपर्यंत तो बोलत होता, आणि मामाला मधे घुसायला जागा मिळाली नाही.