पाइपाखालचा डबा

दौंडजवळच्या आमच्या केमिकल कारखान्यात एक वयस्कर फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. भट्टीतून ॲसिडची तापलेली वाफ नेणारा स्टेनलेस स्टीलचा पाइप ते रोज पान्यानं ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे.

एकदा म्हणाले, "साहेब, बद्द वाजतंय. ॲसिडनं आतनं खाल्लंय त्येला."

"स्टेनलेस आहे मामा, त्याला काय होतंय!" असं म्हणत मी तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

एरवी गेटजवळच्या लिंबाखाली जेवणारे मामा त्या दुपारी डबा घेऊन बरोबर त्या पाइपाखाली बसले.

"मामा, उठा तिथून!" मी ओरडलो.

"का वो? तुमची सही हाय की," म्हणत त्यांनी शांतपणे भाकरी मोडली.

भट्टी बंद करायला मीच धावलो.