पद्मिनीकाकूंनी न विचारलेला प्रश्न

आपल्या कामात कुणी चूक काढलेली पद्मिनीकाकूंना अजिबात खपत नाही, आणि खरं सांगायचं तर ती सहसा सापडतही नाही. अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये आम्ही शेजारी. त्या फिजिओथेरपिस्ट. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या चालण्यातले दोष अजून भर रस्त्यात मोठ्याने सांगतात. चौतीस वर्षं एकाच पुनर्वसन केंद्रात त्यांनी पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पायावर उभं केलं.

दोन हजार एकनंतर तिथली माणसं बदलली. आधी मधुमेहाचे आजोबा यायचे, मग विशीतली मुलं यायला लागली. दहशतवादाविरुद्धची मोहीम किती देशांत पसरलीय हे आम्ही बातम्यांत ऐकायचो आणि चॅनेल बदलायचो. काकूंना ते पेशंटच्या कागदावर दिसायचं. इराक, अफगाणिस्तान, सोमालिया, फिलिपिन्स. "मी भूगोल तुटलेल्या पायांवरून शिकले," असं त्या म्हणत. त्यावर हसायचं की नाही, ते मला कधी कळलं नाही.

सैनिकांमागून दुभाषे आले. झल्मय त्यातलाच. अमेरिकन, डच, ऑस्ट्रेलियन, जी तुकडी येईल तिच्यासोबत तो अफगाणिस्तानात गावोगाव फिरला, आणि सुरुंगात त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. इथे आल्यावर काकूंनी त्याला चालायला, जिने चढायला, गाडी चालवायला शिकवलं आणि रिपोर्टवर लिहिलं, 'सर्व उद्दिष्टं पूर्ण'.

गेल्या ऑक्टोबरात तो दुकानात भेटला आणि त्याने आग्रहाने जेवायला बोलावलं. काकू हायवेवर गाडी चालवत नाहीत, म्हणून मीही गेले. त्याच्या घरी गालिच्यावर लांब कापड अंथरलेलं, त्यावर पुलाव, नान, दही. सगळे भोवती मांडी घालून बसले. बहात्तराव्या वर्षी काकू झटकन बसल्या, मलाच भिंतीचा आधार लागला. झल्मय मात्र ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

"तू खाली का नाही बसत, बेटा?" काकूंनी हिंदीत विचारलं.

तो ओशाळून हसला. "पाय वळत नाही, मॅडम. आणि अन्नाकडे, आईकडे पाय पसरून कसं बसणार?"

हे आम्हा दोघींना तरी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची म्हातारी आई पश्तोत काहीतरी बोलली. त्याच्या मुलीने इंग्रजीत सांगितलं की आजी आणि बाबा नेहमी एकाच ताटात जेवायचे, पाय गेल्यापासून नाही. काकूंचा घास हातातच राहिला.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "सुचित्रा, मी त्याला हे विचारलंच नाही गं. नवीन होते तेव्हा प्रत्येक प्लॅनमध्ये लिहायचे, पेशंटला जमिनीवर बसता आलं पाहिजे. पुण्यात तसंच शिकवलं होतं. बॉसने लाल पेनने कट केलं. म्हणाला, आपले पेशंट्स खुर्चीवर बसतात. मी लिहायचं सोडलं. आणि मग समोर अफगाण माणूस आला तरी मला आठवू नये?"

"काकू, रूल्स त्यांचे होते."

"पेशंट माझा होता."

कृत्रिम गुडघ्याच्या वर बसवायची एक फिरती जोडणी मिळते. बटण दाबलं की खालचा पाय वळतो आणि मांडी घालता येते. पण तिला विमा कंपनीची मंजुरी मिळेना, कारण याला आणखी कशाची गरज नाही असं खुद्द काकूंचा रिपोर्ट सांगत होता. केंद्रातले त्यांचे जुने सहकारी चारुदत्त यांनी फोनवर सोपी वाट सुचवली. "कंडिशन बदलली असं लिहा ना. तुमचं नाव कशाला खराब करताय?"

"कंडिशन तीच आहे. मी विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या आणि माझ्या लॅपटॉपवर पत्र लिहायला बसल्या. 'माझी तपासणी अपुरी होती' हे वाक्य त्यांनी तीनदा पुसलं. चौथ्यांदा राहू दिलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे लपवायला मी चहाचं निमित्त करून उठले.

फेब्रुवारीत जोडणी बसली. झल्मयने आम्हाला पुन्हा जेवायला बोलावलं. त्याने बटण दाबलं, हाताने पाय वळवला आणि हळूच मांडी घातली. आईने आपलं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं. थोड्या वेळाने म्हातारीने काकूंचा हात धरून काहीतरी म्हटलं, तशा काकू लाजून "अहो, आभार कसले," म्हणू लागल्या.

मुलगी अवघडली. आजी आभार मानत नाहीये, ती म्हणाली. ती विचारतेय, बाबांसारखे आणखी किती होते?

"नऊ," काकू म्हणाल्या. त्यांना आठवावंही लागलं नाही.

झल्मयने बसल्या जागेवरून खिशातला फोन काढला. त्यातल्या सात जणांचे नंबर त्याच्याकडे होते. काकूंनी जेवण तसंच ठेवून पहिला लावला, आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, "घरी जेवायला कुठे बसता?"

पलीकडून उत्तर आलं, "किचनमध्ये, मॅडम. सगळ्यांचं झालं की."