मथुराआक्का वाकली न्हवती

आमची मथुराआक्का गेली त्याला आज सोळा दिस झाले. येरमाळ्यात येडाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याला तिचं नारळ-फुलं-ओटीचं दुकान. चाळीस वर्सं एकाच जागी बसली, अन् बसली म्हंजी बसलीच, कुनासाठी उठली न्हाय. एकदा एक पुढारी दर्शनाला आला, समदे दुकानदार हात जोडून वळीनं हुबे ऱ्हायले, आक्का चंचीतली सुपारी कातरत बसली. कुनी तरी म्हनलं, "आक्का, उठा की, साहेब हायत." आक्का म्हनली, "नारळ पायजे असंल तर तो वाकंल. टोपली खाली हाय."

येडाई सोडून ती कुनाम्होरं वाकत न्हाय हे सगळ्या येरमाळ्याला म्हाईत. म्हनून तर त्या व्हिडिओनं तिचं नाक कापलं.

व्हिडिओ तिच्याच पोराचा, रणधीरचा. रणधीर पुन्याला ऱ्हातो. गावोगाव, देशोदेश हिंडायचं अन् मोबाइलम्होरं बडबडायचं, ह्याला तो काम म्हनतो. चार वर्सांखाली त्याच्या डोक्यात आलं, एका बंद देशात जायचं. बंद म्हंजी तिथं आपल्या मनानं फिरता येत न्हाय. सरकारची मानसं संगं असत्यात, ते दाखवत्याल तेवढंच बघायचं, ते म्हनत्याल तिथंच फोटू काढायचा. देशाचं नाव हितं सांगायचं न्हाय, का ते म्होरं कळंल.

"आई, तू बी चल," रणधीर म्हनला.

"म्या कशाला? मला काय कळतंय तिथलं?"

"म्हनूनच चल. म्हातारी संगं असली की लोक जास्त बघत्यात."

आक्का आपल्या धाकट्या बहिनीला, द्वारकाबाईला म्हनली, "बघ गं, शिंगं रंगवून बैल बाजारात नेत्यात तसं नेतंय मला." पन गेली. इमानात बसायची हौस व्हती, खोटं कशाला बोला.

तिथं उतरल्यापास्नं दोघं चिकटले. एक पोरगी, पंचवीस-एक वर्साची, हिंदी बोलायची पन पुस्तकातली. अन् एक बाप्या, त्याला काम काय तर मागं मागं चालायचं अन् वहीत लिवायचं. आक्का मुतायला गेली तरी पोरगी दाराशी हुबी. आक्का म्हनली, "अगं, हमकू पळून कां जाने का है इस उमर में?" पोरगी हसली. हसू बी इस्त्री केल्यावानी, एक घडी मोडली न्हाय.

रस्ते दाखवले. लई रुंद रस्ते, खड्डा न्हाय, जनावर न्हाय, अन् मानूस बी न्हाय. शाळा दाखवली, पोरं नाचली, सगळ्यांनी एकदमच मान वाकडी केली. मग बाजार दाखवला. हितं मातूर आक्काचं डोकं चाललं, चाळीस वर्सं तेच केलं ना तिनं. फळाचं दुकान, केळ्यावर एक डाग न्हाय, सफरचंदं एका मापाची. गिऱ्हाइकं बी व्हती चार, टोपल्या घेऊन हिंडत व्हती. आक्का बराच वेळ बघत हुबी ऱ्हायली. एकानं बी भाव केला न्हाय, एकानं बी फळ दाबून बघितलं न्हाय. अन् माशी न्हाय. "रन्या," आक्का म्हनली, "माशी न्हाय त्या दुकानात गोड काय नसतंय. हे नाटकवाले हायत."

"आई, हळू बोल."

"मराठी कुनाच्या बापाला कळतंय हितं?"

मग पुतळा. त्यांच्या थोरल्या साहेबाचा, मरून जमाना झाला त्याला. केवढा, तर आपल्या पान्याच्या टाकीएवढा. कडंला फुलाचं दुकान. पावन्यानं फुलाची जुडी घ्यायची, पायऱ्या चढायच्या, पुतळ्याच्या पायाशी ठिवायची, वळीनं हुबं ऱ्हाऊन कमरंत वाकायचं. हे सगळ्यांना सक्तीचं.

आक्काच्या हातातल्या जुडीचा दोरा ढिला व्हता. ढिली जुडी तिला बघवत न्हवती. तिनं चंचीतला लाल दोरा काढला अन् देठाखाली आपली गाठ मारली.

ह्या गाठीचं सांगायला पायजे. आक्काच्या शेजारी बब्रुवानाचं दुकान हाय. मागं एकदा आक्कानं विकलेली फुलं लोकांनी वाहिली की बब्रुवान ती मागच्या अंगानं गोळा करून आनायचा अन् आपल्या टोपलीत ठिवून परत विकायचा. आक्काला वास आला. तिनं दर जुडीला आतल्या अंगानं लाल दोऱ्याचे दोन वेढे अन् शेपूट आत दाबलेली अशी गाठ मारायला सुरू केली. तिसऱ्या दिशी बब्रुवानाच्या टोपलीत तिला तिच्याच गाठी घावल्या. भर बाजारात तिनं त्याची जी शोभा केली, ती अजून लोक सांगत्यात. तवापास्नं तिचा हात आपसूक ती गाठ मारायचा.

तर त्या दिशी तिनं फुलं ठिवली अन् ताठ हुबी ऱ्हायली. पोरगी म्हनली, "माताजी, कृपया झुकिए."

"घुटने में दर्द है बेटी."

रणधीर म्हनला, "आई, जरा वाक की, काय झिजतंय का?" आक्कानं त्याच्याकडं बघितलं सुद्दा न्हाय. मागच्या बाप्यानं वहीत लिवलं.

दुसऱ्या दिशी बागंत जायचं ठरलं व्हतं. गाडी पुन्यांदा पुतळ्याला. पोरीचे डोळे सुजलेले. बाप्या आज मागं न्हाय, म्होरं चालत व्हता. आक्काला कळलं, कालचं वाकनं राहिलंय ते वसूल करायला आनलंय. तिनं मनाशी ठरवलं, आज तर मेली तरी वाकायचं न्हाय.

फुलाच्या दुकानात बादलीत जुड्या ठिवलेल्या. आक्का सवयीनं एक एक जुडी उलटी करून बघाय लागली. चौथी उलटी केली तर देठाखाली लाल दोरा. दोन वेढे, शेपूट आत.

आक्काला असं हसू फुटलं की पोट धरून हसली. एवढं मोठं सरकार, एवढा मोठा पुतळा, अन् धंदा बब्रुवानाचा. "रन्या," ती हाक मारायच्या बेतात, तवर पोरीनं तो दोरा बघितला. तिचं तोंड पांढरं फटक पडलं. जुडी हिसकून ती नखानं गाठ सोडाय लागली. ती गाठ नखानं सुटत न्हाय.

"माताजी," ती पुटपुटली, "फूलों का काम मेरे ऊपर है. किसी को मत बताइए."

"तू बेचती है परत?"

"मैं नहीं. लेकिन पकड़ेंगे मुझे. घर में माँ है."

पयल्यांदाच तिच्या तोंडाची इस्त्री मोडली व्हती. तिकडनं बाप्या वही उघडून येत व्हता, म्हातारी कशाला हसली इचारायला.

आक्कानं जुडी पोरीच्या हातातनं घेतली, दोऱ्यावर आंगठा दाबला अन् पायऱ्या चढली. पुतळ्याच्या पायाशी गेली. वाकली. सगळ्यांपरास खाली वाकली, पार कपाळ देठाला टेकंस्तवर, अन् दातानं गाठीची शेपूट वडली. वेळ लागला. बाप्या बघत व्हता, त्याला वाटलं म्हातारीला भक्ती आली. त्यानं वही मिटली. रणधीर मागनं व्हिडिओ काढत व्हता.

उठली तवा दोरा मुठीत व्हता. पोरीजवळनं जाताना म्हनली, "हो गया. अब कितनी बार बी बेचो."

गावाकडं आली तर तिच्या आधी व्हिडिओ आलेला. 'माझी आई झुकली', वर असं लिवलेलं, अन् कोपऱ्यात त्या पोरीचं तोंड सोच्छ दिसतंय. बब्रुवानाला तर सनच झाला. "काय आक्का, तिकडच्या देवाला नारळ लागत न्हाय वाटतं, नुसतं कमरंत वाकलं की पावतो." चार वर्सं हेच. अन् जिच्या तोंडाला अख्खा बाजार भ्यायचा ती आक्का गप. द्वारकाबाईला एकदाच सांगितलं, "रन्याला कळलं तर तासाभरात मोबाइलवर टाकंल. ती पोरगी मरंल. ऱ्हाऊ दे, बब्रुवान काय, भुंकू दे."

आक्का गेली अन् दहाव्याच्या आदल्या दिशी रणधीरनं स्टँडवर मोठा फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, अन् खाली फोटू कुठला, तर तोच, वाकलेला.

"काढ ते," द्वारकाबाई म्हनली.

"मावशी, तिचा सगळ्यात जास्त चाललेला फोटू हाय तो."

"तुझ्या आईचं सांगनं हाय. फ्लेक्स बी काढ अन् मोबाइलमधलं बी काढ. माझ्यासमोर."

त्यानं लई वेळ आकडे बघितले. आईच्या सरनाजवळ पडला न्हवता एवढा चेहरा पडला त्याचा. पन काढलं. फ्लेक्स आता उलटा करून कडब्याच्या गंजीवर टाकलाय. व्हिडिओ गेला, देशाचं नाव घेतलं न्हाय, म्हनून हे आता सांगता येतंय.

बब्रुवान भेटायला आला. बसला, उसासा टाकला. "वाघीन व्हती आक्का. तिकडं एकदा वाकली, तेवढंच काय ते."

द्वारकाबाईनं आक्काच्या चंचीतनं लाल दोरा काढला. त्याच्या डोळ्यादेखत म्होरच्या नारळाच्या शेंडीला दोन वेढे दिले, शेपूट आत दाबली.

"वळखू येती का, बब्रुवानराव?"

बब्रुवानानं गाठीला बोट लावलं अन् हात मागं घेतला.

"वाकली न्हवती ती. ही सोडत व्हती. तिथं बी तुमचं भाऊबंद दुकान लावून बसल्यात."

च्या तसाच ठिवून तो उठला.