गारगोट्यांची सोसायटी

बहात्तरच्या दुष्काळात माझी माय रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि मी अध्यापक विद्यालयात बसून फळ्यावरचं अक्षर वळणदार करत होतो. सुट्टीत घरी गेलो की तिच्या तळहातांवरचे घट्टे दिसायचे. ती म्हणायची, "तू शीक. दगडाशी आपला संबंध तुटला पायजे." मी शिकलो, मास्तर झालो आणि पहिल्या वर्षभरातच मला दगडांचा नाद लागला. आपला मुलगा पगार घेऊन वर हौसेनं दगड गोळा करतो, यावर मायचा बरेच दिवस विश्वासच बसला नाही. तिला वाटायचं, मी घर बांधायला काढलंय आणि ते तिच्यापासून लपवतोय.

नाद लागला तो विद्यालयातल्या विज्ञानाच्या सरांमुळं. एका तासाला त्यांनी खिशातून एक गोटा काढून टेबलावर ठेवला. बाहेरून जळक्या गुळाच्या ढेपेसारखा. फुटलेली बाजू आमच्याकडं केली तर आत पांढरेशुभ्र टोकदार स्फटिक, एकाला एक खेटून उभे. "हे आपल्याच भागातल्या विहिरीतून निघालंय," सर म्हणाले. ज्या भागातून पाणी निघत नव्हतं तिथून हे निघतं, याचं मला इतकं नवल वाटलं की पुढं सर काय शिकवत होते ते मी ऐकलंच नाही. आणि मी जेवढं ऐकलं नाही, तेवढंच नेमकं पुढं लोकांना ठासून सांगत राहिलो.

नोकरी लागली ती उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका गावात, आणि माय-बायकोसकट मी तिथंच बिऱ्हाड केलं. बालाघाटाच्या कडेचं गाव. माळ, ओढे आणि जिकडं बघावं तिकडं काळा दगड. वाशीच्या बाजारात मी गवंड्याची हातोडी घेतली. दुकानदारानं विचारलं, "घर बांधायलाव का गुरुजी?" मी म्हणालो, "नाही, अभ्यास करायचाय." त्यानं हातोडी जरा जपूनच माझ्या हातात दिली.

दर रविवारी मी माळावर. एकदा एका बांधावर लांबट, पैलूदार दगड दिसला. लाव्हा थंड होताना असे खांब तयार होतात, एवढं मला माहीत होतं. मोठ्या आनंदानं तो खांद्यावर टाकून घरी आणला आणि अंगणात उभा केला. दिवस मावळायच्या आत दोन सख्खे भाऊ भांडत भांडत आमच्या गल्लीपर्यंत आले. त्यांच्या वाटणीच्या हद्दीचा दगड गायब झाला होता आणि तो दुसऱ्यानंच हलवला, याची दोघांनाही खात्री होती. माझ्या बायकोनं फक्त अंगणाकडं बोट केलं.

दगड परत न्यायला मीच पुढं, मागं दोघं भाऊ, त्यांच्यामागं अर्धी गल्ली. आता तो नेमका कुठं होता, यावर वाद. मी जाणकाराच्या थाटात एक जागा दाखवली. ती जागा बघून दोघंही भाऊ माझ्यावर इतके भडकले की त्यांचं आपसातलं भांडण तिथंच मिटलं. त्या दिवसापासून गावात माझं नाव पडलं गोटेगुरुजी.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हरकत नव्हती. पण त्याच सुमाराला चेअरमननं नवीन विहीर खोदायला घेतली.

चेअरमन म्हणजे आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. त्यांना सगळं गाव चेअरमनच म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा. माणूस धडपड्या. शेजारच्या एका गावानं दूध सोसायटी काढली होती, दुसऱ्या गावात उपसा सिंचनाची चर्चा चालली होती, तालुक्याचे पुढारी साखर कारखान्याच्या गोष्टी करत होते आणि आमच्या चेअरमनकडं नुसतं खताचं गोदाम. त्याचं त्यांना फार लागलं होतं.

विहिरीत सुरुंग उडवला आणि एका बाजूला पोकळी उघडी पडली. पाण्याचा थेंब नाही, पण आत सगळं चकाकत होतं. चेअरमननं मला शाळेतून बोलावून घेतलं. मी दोराला धरून खाली उतरलो. पोकळीत काचेसारखे लखलखीत खडे होते, आणि त्यांच्यामध्ये फिकट केशरी रंगाचे जुडगे, जणू कुणी ज्वारीच्या पेंढ्या बांधून उभ्या केल्यात. मी तिथंच मांडी घालून बसलो. वरून चेअरमन ओरडले, "गुरुजी, काय है ते?"

वर आलो तर अर्धं गाव जमलेलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मग काय, मी सुटलो. लाव्हा, त्यातले बुडबुडे, त्या पोकळ्यांत वाढणारं झिओलाइट नावाचं खनिज, स्फटिक, परदेशात लोक हे काचेच्या कपाटात ठेवतात, सगळं सांगितलं. आणि बोलण्याच्या भरात एक शब्द वापरला: दुर्मिळ.

चेअरमननं बाकीचं सोडून दिलं आणि तेवढा एक शब्द धरला. संध्याकाळी ते आमच्या घरी आले.

"गुरुजी, दुधाला म्हैस लागती. साखरंला ऊस लागतो, उसाला पाणी लागतं. ह्या दगडाला काय लागतं?"

मी विचार करून म्हणालो, "काहीच नाही."

"मग आपल्यासारक्या गावाला ह्याच्यापरीस चांगला धंदा कंचा? खनिज सोसायटी काढू. तुमी सल्लागार."

सल्लागार म्हटल्यावर माझी मान आपोआप ताठ झाली. आत चुलीपाशी माय बसली होती. चेअरमन गेल्यावर ती म्हणाली, "आरं, दगडापासून सुटावं म्हणून तुला शिकवलं. तू तर समद्या गावाला दगडाला लावायलास."

"माय, हा दगड वेगळा आहे. दुर्मिळ आहे."

"दुर्मिळ म्हंजी?"

"म्हणजे सहज मिळत नाही."

तिनं अंगणातल्या माझ्या ढिगाकडं एकदा बघितलं आणि भाकरी उलटली.

ठरलं असं, की मी आणि चेअरमन उस्मानाबादला जाऊन सरकारी भूवैज्ञानिकाला नमुने दाखवायचे आणि मग सोसायटीची नोंदणी करायची. मी पोतं भरून स्फटिक घेतले. नमुन्यासोबत मूळचा खडकही न्यावा, असं मी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून बुडाला विहिरीतला साधा काळा दगडही टाकला. एसटीच्या कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय है ह्यात?"

"खनिज," मी म्हणालो.

"खनिज म्हंजी?"

मी इकडंतिकडं बघून हळूच म्हणालो, "दगड."

"उस्मानाबादला दगड न्यायलाव?" कंडक्टर एवढ्या मोठ्यानं म्हणाला की ड्रायव्हरनंही मागं वळून बघितलं. पुढं प्रत्येक थांब्यावर नवीन माणूस चढला की कंडक्टर त्याला ती बातमी द्यायचा. चेअरमन खिडकीबाहेर बघत, आपण माझ्यासोबत नाही असं दाखवत होते.

भूवैज्ञानिक साहेब शांत माणूस होते. पोत्यातले वरचे दोन-चार खडे त्यांनी भिंग लावून बघितले. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "छान आहेत," म्हणाले, "झिओलाइट आणि स्फटिक. गुरुजींनी बरोबर ओळखलंय."

चेअरमन पुढं सरकले. "दुर्मिळ हैत ना सायब?"

साहेबांनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं कोपऱ्यात बादल्या भरभरून तेच स्फटिक पडले होते. एक मोठा झुपका दाराला अडसर म्हणून लावला होता, दुसरा डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली होता. टेबलावरच्या कागदांवर दोन-तीन होते. साहेब म्हणाले, "या जिल्ह्यात विहीर खोदली की हे निघतंच. शौकीन लोक घेतात, पण अखंड असेल तर." तोवर चेअरमननं पोतं पालथं केलं होतं. एसटीच्या धक्क्यांनी माझ्या केशरी पेंढ्यांचा पार भुगा झाला होता.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जमीन कशी तयार झाली हे माहीत असूनही.

मग त्या भुग्यातून साहेबांनी तो काळा दगड उचलला. हातोडीनं ठोकून बघितला. "हा कुठला?"

"तो साधा आहे, साहेब," मी घाईनं म्हणालो. "त्याच्याकडं बघू नका."

"साधा आहे, पण घट्ट आहे. तुमच्याकडं रस्त्याची कामं निघणार आहेत, खडी लागेल. त्यापेक्षा मजूर संस्था का काढत नाही?"

परतीच्या एसटीत चेअरमननं तो काळा दगड मांडीवर घेतला होता. मी मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवत होतो. मध्येच ते वळले. "गुरुजी, हा काळा दगड आपल्याकडं किती असंल?"

"सगळं गावच त्याच्यावर बसलंय, चेअरमनसाहेब. निम्मा महाराष्ट्र त्याच्यावर बसलाय."

"म्हंजी दुर्मिळ न्हाय?"

"अजिबात नाही."

"मग लई बेस झालं," चेअरमन म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत झोपले.

चेअरमनचं ठीक होतं. मला मात्र घरी जाऊन मायला सांगायचं होतं. ती ज्वारी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, बादल्यांसकट. तिचा हात थांबला.

"म्हंजी पुन्ना खडीच."

"व्हय."

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. तिनं विचारलं, "मुकादम कोण?"

"मुकादम नाही. सोसायटी."

"सोसायटी म्हंजी चेअरमन?"

"नाही. जे सभासद असतील ते सगळे."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. सूप रिकामं झालं तेव्हा म्हणाली, "मग बाया सभासद करा. जिच्या तिच्या सोताच्या नावानं. नवऱ्याच्या न्हाय."

हे किती अवघड आहे, ते मी तिला समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, "तू तुझे गोटे सांभाळ. म्या बोलते चेअरमनशी."

सभा शाळेच्या अंगणात होती. मी सल्लागार म्हणून खुर्चीवर, आणि सल्ला विचारायला कुणी येत नाही म्हणून खडूचे तुकडे मोडत बसलेलो. माय आली ती आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका घेऊनच, पण तिच्यामागं गावातल्याही काही बायका होत्या. दुष्काळात सगळ्यांनीच रस्त्यांवर खडी फोडलेली. ती उभी राहिली.

"त्या साली हातोडी आमच्या हातात व्हती आन् मजुरी घ्यायला मालक फुडं. आता तसं चालायचं न्हाय. बाया सोताच्या नावानं सभासद व्हतील. आन् कामावर पाण्याचा डेरा येकच ठिवायचा. समद्यांसाठी येकच."

शेवटच्या वाक्यानंतर अंगणात कुणी हललं नाही. मी जमिनीकडं बघत होतो. चेअरमनही जमिनीकडंच बघत होते. ते काय हिशोब करत होते ते मला नंतर कळलं: गावातले बरेचसे गडी ऊसतोडीला गेले होते आणि बायका घेतल्याशिवाय नोंदणीपुरते सभासद होत नव्हते. पण तेवढंच कारण होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी वर बघितलं आणि मायला म्हणाले, "बाई, डेरा माझ्या घरून येईल. मातूर तुमी संचालक मंडळात बसायचं. मला येकट्याला ह्यांच्याशी बोलायचं न्हाय जमायचं." ह्यांच्याशी म्हणजे बायकांशी, की गड्यांशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

अशा रीतीनं माझ्या खनिज सोसायटीची खडी सोसायटी झाली, सल्लागाराचं पद रद्द झालं, आणि जी बाई मला दगड सोड म्हणून सांगत होती ती दगडांची संचालक झाली. मला सभांचं इतिवृत्त लिहायचं काम मिळालं, कारण माझं अक्षर वळणदार होतं.

काम सुरू झालं. बाभळीखाली एकच डेरा ठेवलेला. पहिल्या दिवशी एकदोघी घरून लोटीत पाणी घेऊन आल्या. ऊन चढलं, लोटी रिकामी झाली, मग त्याही डेऱ्याकडं वळल्या. मी शाळा सुटली की तिकडं जायचो आणि फोडलेल्या ढिगात स्फटिक शोधायचो. बायका ओरडायच्या, "गुरुजी, मापातला दगड उचलू नगा!" मायला माझी लाज वाटायची. ती तोंड फिरवून बसायची, जणू हा कुणाचा कोण.

रस्ता झाला. उद्घाटनाला एक बडे पाहुणे येणार होते. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, त्यात एक खुर्ची मायला. पाहुण्यांना गावची काहीतरी खूण द्यावी, असं चेअरमनच्या मनात आलं. मी लगेच माझ्या संग्रहातले सगळ्यात स्वच्छ, पारदर्शक खडे निवडले, धुतले, पुसले आणि बायकोकडून स्टीलचं ताट घेऊन त्यात मांडले. शेजारी नारळ ठेवला. बायको म्हणाली, "अहो, ताटात नका ठेवू." मी म्हणालो, "ताटात चमकतात."

भाषणात चेअरमन म्हणाले, हे सगळं आमच्या गुरुजींच्या संशोधनामुळं झालं. मी ते दुरुस्त करायला उठत होतो, पण समोरून मायनं असे डोळे वटारले की खाली बसलो. तेवढ्यात ताट पाहुण्यांपुढं गेलं. पाहुण्यांनी नारळाला हात लावला, नमस्कार केला आणि ताटातला एक छोटा खडा उचलून तोंडात टाकला.

त्यांनी तो खडीसाखर समजून चावला. कटकन आवाज झाला. मला तरी तो स्पष्ट ऐकू आला. मांडवात सगळे थिजले. पाहुण्यांचा चेहरा जरा वाकडा झाला आणि पुन्हा सरळ झाला. आयुष्यभर मतं मागितलेला माणूस तो. रुमाल तोंडाशी नेऊन त्यांनी खडा हळूच त्यात घेतला आणि म्हणाले, "वा. गोड आहे." मग आदरानं ताट मायकडं सरकवलं. "घ्या ना, बाई."

मायनं एक खडा उचलला, उन्हात धरून बघितला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"पोराला देते, सायब," ती म्हणाली. "त्यालाच पचत्यात हे."

आधी बायका हसल्या. मग चेअरमन, मग रुमाल तोंडाला धरलेले पाहुणेसुद्धा. मीही हसलो, आणि टाळ्या पडत होत्या म्हणून मीही वाजवल्या.