सहा सूत

गफूरभाईंनी चार लोखंडी पट्ट्या मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ओतल्या. चहाचे कप हादरले.

"ह्ये बघा साहेब, तुमच्या शाळेची करामत. मी बोललो, कडेपासून सहा सूत सोड आन् भोक मार. पोरीनं पार कडेला मारलान्. बोल्ट घातला की कड फाटंल. समुद्रात ह्या पट्ट्यांवरचा बॅटरीचा खोका सुटला तर होडीचा नाखवा मला सोडंल काय?"

गफूरभाईंचं रेवदंड्यात होड्यांची इंजिनं आणि फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बारा वर्षं आखातात काम करून ते परत आले. आमच्या शाळेत नववी-दहावीला तांत्रिक विषय आहे. त्यात मुलांना काही तास खऱ्या वर्कशॉपमध्ये काम करावं लागतं, आणि गावात मुलांना आत घेणारं दुकान एकच होतं, गफूरभाईंचं. त्यांनी दार लावलं तर जूनपासून विषय बंद.

मी त्या विषयाच्या सल्लागार समितीत होतो. ही समिती म्हणजे बिनपगारी माणसं. धंद्यात आज काय लागतं ते त्यांनी शाळेला सांगायचं, म्हणजे शाळा जुनंपुराणं शिकवत बसणार नाही. मी खताच्या कारखान्यातून मेंटेनन्स इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. माझी पत्नी याच शाळेत गणित शिकवायची. ती गेल्यावर मुख्याध्यापिका म्हात्रे बाई भेटायला आल्या आणि जाताना माझं नाव समितीत घालून गेल्या. घरात पुस्तकं वाचत बसण्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणाल्या. माझं मत वेगळं होतं, पण तेव्हा मला वाद घालायची ताकद नव्हती.

"नववीतल्या तन्वीला बोलवा," म्हात्रे बाई शिपायाला म्हणाल्या.

ती येईपर्यंत मी खिशातला व्हर्निअर काढला. व्हर्निअर म्हणजे बारीक माप घेण्याचं हत्यार. मोजायचं म्हणून मोजलं. पहिल्या पट्टीवर कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत सहा मिलिमीटर. दुसरीवर सहा. तिसरीवर, चौथीवर सहाच.

कारखान्यात तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. चूक चार ठिकाणी चार तऱ्हेची असेल तर हात कच्चा. चारही ठिकाणी तंतोतंत सारखी असेल तर हात पक्का आहे, माप चुकलंय.

तन्वी दारात उभी राहिली. पट्ट्या बघून तिचा चेहरा उतरला.

"सहा सूत म्हणजे किती, बाळा?" मी विचारलं.

"सहा मिलिमीटर, सर. मी काकांच्या वर्कशॉपमधल्या दादांना विचारलं होतं, सूत म्हणजे काय. ते म्हणाले, मोजपट्टीवरची रेघ."

गफूरभाईंनी कपाळाला हात लावला. "आगं, इंचाच्या बाजूची रेघ!"

स्टीलच्या मोजपट्टीला दोन कडा असतात, एकीवर मिलिमीटर, दुसरीवर इंच. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सुतार, फिटर, होडीवाले सगळे सुतातच बोलतात. तन्वीने मोजपट्टीची शाळेत शिकवलेली, मिलिमीटरची कड धरली होती.

"हिला इंच शिकवला न्हाय काय?" गफूरभाई म्हात्रे बाईंना म्हणाले.

बाई माझ्याकडे बघू लागल्या. त्यांनी नाव घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

"मी गाळायला लावला," मी म्हणालो. "पहिल्याच बैठकीत. इंच कालबाह्य आहे, सगळं मेट्रिक ठेवा, असा सल्ला माझाच."

"तुमच्या कारखान्यात आसंल कालबाह्य. इथं अजून जिता हाय तो."

"मान्य. पण मग चूक माझी. शिक्षा तिला नको. आत्ता परत करू द्या तिला."

गफूरभाईंनी घड्याळ पाहिलं. "चला. एकच पट्टी."

आम्ही शाळेच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तन्वीने भंगारातली पट्टी घेतली आणि कागदावर हिशेब मांडला. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, म्हणजे एकोणीस मिलिमीटर. आखलं, भोकाच्या जागी खूण करायला पंच मारला. ड्रिल लावायच्या आधी ती थांबली.

"काका, बोल्ट किती सुताचा?"

"तीन."

"म्हणजे साडेनऊ. भोक दहाचं मारू? नाहीतर बोल्ट अडकेल."

गफूरभाईंनी तिचा कागद ओढून हिशेब पाहिला. मग म्हणाले, "मार."

भोक पडल्यावर त्यांनी खिशातला बोल्ट त्यात सोडला. तो सरळ खाली गेला. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि तन्वीच्या हातात परत दिली.

"सोमवारी ये. आन् या चार पट्ट्यांच्या बदली चार नवीन तूच कापायच्या."

"हो काका."

"साहेबांना पन घेऊन ये. त्यांना बी शिकू दे."

विषय चालू राहिला. सूत अभ्यासक्रमात परत आलं, पुढच्याच आठवड्यात. सोमवारी मी खरोखरच गेलो आणि दिवसभर एका लाकडी पेटीवर बसून दुकान कसं बोलतं ते ऐकलं. सल्लागाराने सल्ला द्यायच्या आधी एवढं करावं. मी चार बैठका सल्ला देऊन झाल्यावर केलं.