पाठ टेकली का?

जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत मंगरूळपीरला एका पिंजाऱ्याचं दुकान जळालं. त्याचं नाव मला माहीत नाही. पण तिथे हळहळायला जमलेल्या शहाण्यांचा आजही संताप येतो. तो राखेत आपली कापूस पिंजायची धनुकली शोधत होता, आणि एक शेटजी म्हणाले, "सारी जवानी कुस्तीत घालवली, काय कामी आली? आता झाला नं चीत!"

पिंजारी ताडकन उभा राहिला. "पाठ टेकली का माही? पोटावर पडला त्याले आखाड्यात कोनी हारला म्हनत नाई."

आखाड्यातली माती चोळावी तशी त्यानं तळव्यांना राख चोळली आणि पडलेल्या आढ्याचं एक टोक उचललं. "शेटजी, हळहळून झालं असंन तं दुसरं टोक धरा."

ते मी धरलं. शेटजींना तेवढ्यात घरचं काम आठवलं होतं.