अंबड ते चीन, थेट

हातातला चहा आधी खाली ठेवा. ऐकता ऐकता नाकातून आला तर मला बोलू नका!

तेव्हा मी अंबडला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. आम्ही प्लास्टिकचे स्विचबॉक्स बनवायचो आणि त्यांचे साचे यायचे चीनमधून. आता काय सांगू, त्या काळचं आमचं इंटरनेट! सकाळी पाठवलेलं ड्रॉइंग जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांगत रांगत निम्मं जायचं आणि तिथेच मान टाकायचं.

म्हणून मी शेठच्या मागे लागलो. चीनला थेट लाईन घ्या! मधे कुणाची गर्दी नाही, टीव्ही-कॅमेरा लावून समोरासमोर बसून बोला, वस्तू दाखवा. महिन्याचं भाडं ऐकून शेठनी पाणी मागवलं.

"देवरे, एवढ्यात मी दर महिन्याला स्वतः चीनला जाऊन येईन की रे!"

"शेठ, पहिल्याच दिवशी लाईन आपली किंमत वसूल करून देईल. नाही दिली तर मला स्टोअरमध्ये टाका, बोल्ट मोजत बसेन."

कोण बोललं हे? मीच! दुसरं कोण बोलणार?

लाईन आली आणि त्याच दिवशी काम निघालं. चिनी साच्यातून निघणाऱ्या झाकणाला कोपऱ्यात चीर पडत होती, आणि अगदी तसाच दुसरा साचा ते लोक त्याच दुपारी कापायला घेणार होते. तो थांबवायचा तर तिथल्या मिस लिनना, म्हणजे आमच्या भाषेत लिनबाईंना, चीर डोळ्यांनी दिसायला हवी होती. फोनवर सांगून त्या काही ऐकेनात.

पण नवीन वस्तू आली की आधी पूजा नको? मी नारळ फोडला. लाईनच्या पेटीला हळदकुंकू, टीव्हीला हळदकुंकू. राहता राहिला कॅमेरा. त्याचं कपाळ कुठलं? मधोमध छान गोल दिसलं. तिथे ओलं कुंकू टेकवलं, चांगलं ठसठशीत!

हसू नका, अजून बरंच आहे.

कॉल लागला. लिनबाई पलीकडच्या खोलीत बसल्यासारख्या स्वच्छ! साचे सांभाळणाऱ्या टूलरूमचे भाऊसाहेब, मूळचे येवल्याकडचे, टीव्हीला चिकटूनच उभे. "लय भारी हाय राव! बाईची पापणी हलली तेबी दिसतं."

शेठनी झाकण कॅमेऱ्यापुढे धरलं. बाई इंग्रजीत म्हणाल्या, "लाल दिसतंय."

"झाकण तर राखाडी आहे!"

"सगळंच लाल आहे. तुम्हीसुद्धा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मला कळत नाही, असं म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी म्हणालो, "लांबचा पल्ला आहे शेठ. लाल रंग दमदार, तो पोचतो. बाकीचे वाटेत गळतात."

भाऊसाहेबांना ते लगेच पटलं.

मग मी मुंबईला लाईनवाल्यांना फोन लावला आणि असा तापलो! त्यांनी तपासून सांगितलं, लाईन ठणठणीत आहे. मी म्हणालो, "मग फॉल्ट समुद्राखालच्या तारेत असेल, तिथे बघा!" आता, आपलं चित्र आपल्यालाही दिसायची सोय होती हो. ती मीच बंद केली होती. एवढी महागडी लाईन, आपलीच तोंडं बघण्यात का घालवायची?

तेवढ्यात बाई म्हणाल्या, नवा साचा मशीनवर चढतोय. माझ्या डोळ्यांपुढे स्टोअर आणि बोल्ट!

शेठ झाकण घेऊन पुढे पुढे सरकत शेवटी कॅमेऱ्याला नाक लावून उभे राहिले. आणि थबकले.

"देवरे, ह्याचे डोळे आलेत का रे?"

मी धावलो, रुमालाने पुसलं. पलीकडून मोठ्ठा "ओऽऽ!" आला. बाईंना चीर दिसली, शेठचं बोट दिसलं, शेठच्या आठ्याही दिसल्या. त्या तशाच उठून पळाल्या आणि मशीन थांबवून आल्या. एका दिवसात लाईनचं भाडं वसूल! मला इतका आनंद झाला की मी शेठनाच मिठी मारली.

बाईंनी विचारलं, ते लाल काय होतं? चूक झाली म्हणून मोकळं व्हावं की नाही? मी ऐटीत सांगितलं, "आमची प्रथा आहे. कॅमेऱ्याला हे लावलं की धंद्याला बरकत येते." बाईंनी आदराने मान लववली.

दुसऱ्या दिवशी त्या सुधारलेला साचा दाखवणार होत्या. शेठनी कौतुकाने सगळी टूलरूम गोळा केली. कॉल लागला आणि आमचा पडदा लालभडक!

मी झडप घातली, रुमाल काढला आणि आमचा कॅमेरा घासून लख्ख केला. तरी लालच. तोंडाची वाफ देऊन पुन्हा घासला.

तेवढ्यात पडद्याआडून लिनबाईंचा खुशीतला आवाज आला, "मिस्टर देवरे, आम्हीपण लावलं!"

सगळी टूलरूम माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत होती. शेठ शांतपणे म्हणाले, "थांबू नको देवरे, घास. थेट लाईन आहे, पोचेल तिकडे."